अंधारा मंच, हलता उजेड : बँडच्या फोटोंबद्दल वाचकांचे प्रश्न

थंडी पडली की कॉलेजांची गॅदरिंग, क्लबांमधले गिग आणि मैदानी महोत्सव एकापाठोपाठ एक लागतात. त्यामुळे या वेळची जवळजवळ सगळी पत्रे एकाच विषयावरची आहेत: वाजवणाऱ्या, उड्या मारणाऱ्या, घामाघूम झालेल्या माणसांचे फोटो कमी उजेडात काढायचे कसे? बहुतेकांची तक्रार उजेड पुरत नाही अशी आहे. उजेड कमी असतो हे खरेच. पण त्याहून जास्त फोटो बिघडतात ते उजेड क्षणाक्षणाला बदलतो आणि कॅमेरा त्याच्यामागे धावत राहतो म्हणून. हे धावणे थांबवले की निम्मे काम झाले. पुढच्या बऱ्याच उत्तरांचा रोख तिकडेच आहे.

माझ्याकडे एपीएस-सी सेन्सरचा डीएसएलआर आणि त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ लेन्स आहे. मित्रांच्या बँडचे एका लहान क्लबात फोटो काढले. ऑटोवर सगळे हललेले आले, शटर वाढवले तर काळेकुट्ट. नवा कॅमेरा घ्यावा लागेल का? (एक वाचक, पुणे)

कॅमेरा राहू द्या, लेन्स घ्या. तुमची १८-५५ लेन्स ५५ मिमीवर जास्तीत जास्त एफ ५.६ इतकीच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी). ५० मिमी एफ १.८ ही जवळजवळ प्रत्येक कंपनीची सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी एक असते आणि ती सुमारे दहापट उजेड आत घेते. जिथे तुम्हाला आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १२८०० लावावा लागतो तिथे तिच्यावर १२५० ते १६०० पुरतो. तुमच्या लहान सेन्सरवर ५० मिमीचा आवाका ७५-८० मिमीसारखा भरतो, म्हणजे गायकाच्या कमरेपासून वरच्या फोटोला उत्तम. क्लब फारच लहान असेल आणि मंचापासून दोन-अडीच मीटरवर उभे राहावे लागत असेल, तर ३५ मिमी एफ १.८ घ्या. जुनी लेन्स घेत असाल तर मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून आत पाहा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या लेन्समध्ये बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. तसे दिसले तर ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. मंचावरचा दिवा थेट समोर आला की त्या बुरशीमुळे सगळा फोटो धुरकट होतो.

आता ऑटो का फसले ते पाहा. तुमच्या फ्रेमचा बहुतेक भाग काळा पडदा असतो. कॅमेरा सगळ्या फ्रेमची सरासरी काढतो आणि तो काळा पडदा राखाडी दिसावा म्हणून शटर १/२० सेकंदापर्यंत खाली आणतो. माणूस हलतो आणि चेहरा भाजून पांढरा पडतो, म्हणजे एकाच वेळी दोन नुकसाने.

म्हणून मॅन्युअल मोड लावा. एफ २ ठेवा, १.८ पेक्षा किंचित मिटवल्याने बहुतेक लेन्सांची धार सुधारते. शटर १/२०० ठेवा. मग पहिल्या गाण्यात, किंवा साउंड चेकच्या वेळी दिवे चालू असतील तर तेव्हाच, गायकाच्या चेहऱ्यावर सर्वांत जास्त उजेड पडतो तो क्षण पकडून एक फोटो काढा. मेनूतला हायलाइटचा इशारा चालू ठेवा, तो जळलेला भाग स्क्रीनवर लुकलुकवून दाखवतो. कपाळ आणि नाकाचा शेंडा लुकलुकत असेल तर आयएसओ कमी करा. लुकलुकणे थांबले की तो आकडा पक्का, आता त्याला हात लावू नका. दिवे मंदावले की फोटो काळा येईल, तेव्हा बटण दाबूच नका. दिवा परत चेहऱ्यावर येतो, बहुतेक वेळा ध्रुवपदालाच येतो, आणि तेव्हा तुमचे आकडे तयार असतात.

आयएसओची सुरुवात कुठून करायची? लहान क्लबात ३२००, कॉलेजच्या सभागृहात १६००, मोठ्या महोत्सवात समोरून भरपूर दिवे असतील तर ८०० ते १६००. शटर मात्र माणसावर ठरते. माईकपाशी स्थिर उभा गायक १/१६० वर थांबतो, डोलणारा बासवादक १/२५० वर, उडी मारणारा गिटारवादक १/५०० वर. लेन्समधले किंवा बॉडीतले स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर थांबवते. समोरचा माणूस हलला तर ते काही करू शकत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर शटर १/३० ला आणू नका.

गॅदरिंगला लाल-निळे एलईडी पार दिवे लावले होते. गायिकेचा चेहरा प्रत्येक फोटोत सपाट लाल दिसतो, नाक-डोळे विरघळलेले. हिस्टोग्राम तर बरोबर होता! (एक वाचक, ठाणे)

हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाच्या वाटणीचा आलेख, खोटे बोलला नाही, पण त्याने अर्धेच सांगितले. सेन्सरवरच्या पिक्सेलांपैकी निम्मे हिरवा रंग मोजतात, पाव लाल आणि पाव निळा. पांढरा हिस्टोग्राम या तिघांची मिळून सरासरी दाखवतो आणि त्या सरासरीत हिरव्याचे वजन सर्वांत जास्त असते. लाल एलईडीखाली लाल पिक्सेल काठोकाठ भरून वाहतात, हिरवे-निळे रिकामे राहतात, आणि सरासरी मात्र मधोमध छान दिसते. भरून वाहिलेल्या लाल पिक्सेलांत गालाचा उठाव, नाकाची सावली, काहीच उरत नाही. म्हणून कॅमेऱ्यात तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावा आणि लाल रेष उजव्या भिंतीला चिकटू देऊ नका. गडद लाल उजेडात एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) कमी करावे लागते. स्क्रीनवर फोटो काळपट वाटेल, वाटू द्या.

रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढणे इथे सक्तीचे समजा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका, ३८०० केल्विनच्या आसपास कायम करा. रॉ फाइलवर त्याचा परिणाम होत नाही, पण कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम आतल्या जेपेगवरून काढलेला असतो आणि ऑटो दर फोटोला रंग फिरवत राहिला तर त्या हिस्टोग्रामवर विसंबता येत नाही.

घरी आल्यावर आधी प्रोफाइल बदला: व्हिव्हिड किंवा स्टँडर्डऐवजी न्यूट्रल. एवढ्यानेही बराचसा तपशील परत येतो, कारण भडक प्रोफाइल आधीच भरलेल्या लालला आणखी ढकलते. मग लाल रंगाचे सॅच्युरेशन २० ते ४० ने खाली आणि तापमान थोडे थंडाकडे. तरीही चेहरा सपाटच राहिला तर कृष्णधवल करा, आणि रंगांच्या मिश्रणात लाल उतरवून हिरवा चढवा. जळलेल्या लाल फोटोत चेहऱ्याचा उरलासुरला तपशील हिरव्यातच असतो. सरसकट राखाडी केल्याने तो हाती लागत नाही.

निळ्या उजेडाचे दुखणे वेगळे आहे. तिथे फक्त पाव पिक्सेल काम करतात, त्यामुळे नॉइज (दाणे) वाढतो आणि केसांचा, कापडाचा बारकावा हरवतो. संपूर्ण निळ्यात जवळून चेहरा काढण्याचा हट्ट धरू नये, बाह्याकृती काढावी. मागून निळा झोत, पुढे गिटार घेतलेली काळी आकृती, हा फोटो निळ्यातच चांगला होतो.

आणि एक उपाय कॅमेऱ्याबाहेरचा. गॅदरिंगमध्ये लाइट चालवणारा माणूस तुमच्यापासून दहा पावलांवर असतो. कार्यक्रमाआधी त्याला भेटा आणि “समोरून वॉर्म व्हाइट वीस-तीस टक्के सोडता येईल का?” एवढेच विचारा. मागे लाल-निळे राहतातच, चेहऱ्याला त्वचेचा रंग मिळतो. एवढी विनंती सहसा मान्य होते, आणि त्याने जे साधते ते कोणत्याही सॉफ्टवेअरने साधत नाही.

नवा मिररलेस घेतला. सायलेंट शटरवर काढलेल्या प्रत्येक फोटोत आडवे पट्टे आहेत, काही तर गुलाबी-हिरवे. कॅमेरा सदोष आहे का? (एक वाचक, नाशिक)

कॅमेरा ठीक आहे. एलईडी दिवा मंद करताना त्याचा उजेड खरोखर कमी होत नाही. तो सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद होतो आणि डोळ्याला मंद भासतो. सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरच्या ओळी वरून खाली एकेक करून वाचते. अनेक बॉडींना सगळ्या ओळी वाचायला १/२० ते १/६० सेकंद लागतो. दिवा सेकंदाला ६०० वेळा लुकलुकतो आणि वाचन १/३० सेकंदात होते असे धरा. तेवढ्यात दिवा वीसदा लुकलुकला, म्हणजे फोटोत वीस पट्टे. लाल, हिरवा आणि निळा एलईडी स्वतंत्रपणे मंद केले जातात, म्हणून पट्टेही रंगीत येतात.

पहिला उपाय: मेकॅनिकल शटर लावा. त्याचा पडदा साधारण १/२५० सेकंदात सेन्सर ओलांडतो, म्हणजे त्याच दिव्याखाली वीसऐवजी दोन-तीनच पट्टे आणि तेही फिकट. बँड वाजत असताना शटरचा आवाज कुणालाही ऐकू जात नाही.

दुसरा उपाय: शटर थोडे खाली आणा. त्याच ६०० च्या दिव्यात १/१०० ला प्रत्येक ओळीला सहा पूर्ण लुकलुकी मिळतात, सगळ्या ओळी सारख्या उजळतात. १/२५० ला काही ओळींना दोन आणि काहींना तीन मिळतात, तिथे पट्टा दिसू लागतो. १/१००० ला काही ओळींना एकही मिळत नाही. म्हणून पट्टे दिसले की १/१०० किंवा १/१२५ वर या आणि माणूस थांबेल तो क्षण निवडा: ओळ संपल्यावरचा श्वास, सूर लांबवतानाचा चेहरा. पुढच्या गाण्यात दिवे पूर्ण तेजाने आले तर पट्टे आपोआप जातात, तेव्हा परत वर या.

मेनूतले अँटी-फ्लिकर चालू केल्याने पट्टे गेले नाहीत असे तुम्ही लिहिले आहे. ते साहजिक आहे. ही सोय सहसा घरच्या विजेच्या लुकलुकीसाठी असते. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुन्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा चढतो-उतरतो, तो ती ओळखते. एलईडी पारची गती तिच्या आवाक्याबाहेरची असते. काही नव्या बॉडींत शटर अगदी बारीक, दशांशाच्या पावलांनी सरकवता येते. तशी सोय असेल तर स्क्रीनवर पट्टे विरेपर्यंत आकडा फिरवा. सोनीने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ए९ III सारख्या ग्लोबल शटरच्या कॅमेऱ्यात सगळ्या ओळी एकदमच वाचल्या जातात, त्यामुळे पट्टा येत नाही. तिथे फार तर एक फोटो उजळ आणि पुढचा अंधुक येतो. पण केवळ पट्ट्यांसाठी तेवढा खर्च करू नये.

आलेले पट्टे नंतर काढणे जवळजवळ अशक्य. रंगीत पट्टे कृष्णधवलात थोडे दबतात, इतकेच.

८५ मिमी एफ १.८ ने काढते. गायकाचा माईक कडक फोकसमध्ये आणि डोळे मऊ, असे निम्म्याहून जास्त फोटो आहेत. (एक वाचक, पणजी)

फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) ८५ मिमी, एफ १.८, अंतर तीन मीटर: फोकसची एकूण खोली साधारण १३ सेंटिमीटर. त्यातली निम्मी पुढे, निम्मी मागे. माईकची जाळी ओठांसमोर आणि डोळे तिच्या दहा-पंधरा सेंटिमीटर मागे. जाळीवर चकाकी आणि कडा भरपूर, ऑटोफोकसला तीच आवडते.

एफ २.८ केले तर खोली सुमारे २० सेंटिमीटर होते. दिवे साथ देत असतील तर तेवढे करा. फोकसचा पॉइंट एकच आणि लहान ठेवा, सतत फोकसच्या मोडमध्ये, आणि फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या अंगठ्याच्या बटणावर द्या. पॉइंट ठेवायचा तो माईकपासून दूरच्या डोळ्यावर, किंवा चष्म्याची कड, भुवई, कानाजवळची केसांची रेघ अशा ठळक कडेवर. सपाट गालावर अंधारात फोकस शोधत बसतो. कॅमेऱ्याची डोळा ओळखण्याची सोय चांगली आहे, पण माईक तोंड झाकतो, केस समोर येतात, टोपीची सावली पडते, आणि ती शेजारच्या गिटारवाल्याकडे पळते. पळाली की बंद करा.

जागाही बदलून पाहा. गायक माईक उजव्या हातात धरत असेल तर त्याचा हात प्रेक्षकांच्या डाव्या बाजूने चेहरा झाकतो. तुम्ही उजवीकडे सरका. अगदी समोरून माईक नाकावरच येतो, पण तीस-चाळीस अंश बाजूला गेलात की ओठ आणि जाळी यांच्यामध्ये फट दिसते. ओळ म्हणून झाल्यावर गायक माईकपासून दूर होतो, तेव्हा चेहरा मोकळा असतो. गाणे माहीत असेल तर ही जागा आधीच कळते, म्हणून बँडची गाणी आदल्या दिवशी ऐकून जा.

फोकसला मदत करणारा कॅमेऱ्याचा पुढचा छोटा दिवा बंद करायला विसरू नका. तो थेट कलाकाराच्या डोळ्यांत जातो.

आयएसओ ६४०० चे दाणे बघवत नाहीत. ८०० वर अंधारे काढून नंतर सॉफ्टवेअरमध्ये उजळले तर चालेल का? (एक वाचक, नागपूर)

उजेड तेवढाच आत आला, मग दाणेही साधारण तेवढेच राहणार. तीन स्टॉप नंतर उजळणे आणि ६४०० वर बरोबर काढणे, यांत काही आधुनिक सेन्सरवर फरक नगण्य असतो. जुन्या सेन्सरवर नंतर उजळलेल्या सावल्यांत जांभळी झाक आणि रेघा उठतात. फायदा एकच: मागचे दिवे जळत नाहीत. म्हणून झोत थेट फ्रेममध्ये असतील तेव्हा एखादा स्टॉप कमी ठेवून नंतर उचलणे योग्य, तीन स्टॉप नाही.

दाणे खरे कुठे दिसतात ते नीट पाहा. ते सावल्यांत असतात. ६४०० वर चेहरा पुरेसा उजळ असलेला फोटो १६०० वर अंधारा काढून उचललेल्या फोटोपेक्षा स्वच्छ दिसतो. पडदा काळा असेल तर त्याला काळाच राहू द्या, उचलू नका. निम्मा नॉइज तिथेच गाडला जातो. शिवाय २४ मेगापिक्सेलचा फोटो सहा हजार पिक्सेल रुंद असतो. तो दोन हजारांवर आणला की नऊ पिक्सेलांचा एक होतो आणि दाणे एक-तृतीयांशावर येतात. शंभर टक्के मोठा करून पाहिलेला फोटो बँडच्या पानावर कोणी तसा पाहत नाही.

एआयवर चालणारी डीनॉइजची साधने आता खरोखर चांगली आहेत, पण पूर्ण जोर लावला तर त्वचा मेणाची होते आणि गिटारच्या तारा एकमेकींत मिसळतात. निम्म्या जोरावर थांबा. आमचे स्पष्ट मत असे की दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

ड्रमरचा एकही फोटो धड येत नाही. मागे, अंधारात, झांजांच्या आड. (एक वाचक, कोल्हापूर)

बँडमधला सर्वांत अवघड फोटो हाच. समोरचे दिवे त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत क्षीण होतात, आणि क्रॅश झांज नेमकी चेहऱ्यावर येते. साउंड चेकच्या वेळी मंचाच्या दोन्ही बाजूंना जाऊन झांजांमधली खिडकी शोधून ठेवा. बहुतेक उजव्या हाताने वाजवणाऱ्यांची हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) त्यांच्या डाव्या हाताला, म्हणजे प्रेक्षकांच्या उजवीकडे असते. हाय-हॅट आणि क्रॅश यांच्यामधल्या फटीतून चेहरा सापडतो. मंचाच्या पातळीला डोळा आणू नका, शक्य असेल तर थोडे उंचावर उभे राहा. खालून फक्त बेस ड्रम दिसतो.

त्याच्यासाठी आकडे वेगळे ठरवून ठेवा: गायकापेक्षा सहसा एक ते दीड स्टॉप जास्त आयएसओ. कॅमेऱ्यात स्वतःचे मोड साठवता येत असतील तर गायकाचे आकडे पहिल्यावर, ड्रमरचे दुसऱ्यावर.

काठी गोठवायची की वाहू द्यायची हे ठरवा. १/५०० लाही काठीचे टोक पुसटच येते, कारण टोकाची गती हाताच्या कितीतरी पट असते. त्यापेक्षा १/८० ते १/१२५ ठेवा, काठ्यांचे पंखे होऊ द्या आणि चेहरा स्थिर असेल तेव्हा दाबा. गोठलेली काठी हवी असेल तर ती सर्वांत वर गेल्यावर क्षणभर थांबते तो क्षण पकडा. मोठा क्रॅश बहुधा नव्या आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर पडतो, फिल (आवर्तन संपताना वाजणारे जलद ठोके) वाजू लागली की बोट तयार ठेवा आणि ठोक्याच्या किंचित आधी तीन-चार फोटोंची झड सोडा. ठोका ऐकून दाबाल तर हात खाली आलेला असेल.

नाट्यगृहात ऑर्केस्ट्रा आणि भावगीतांचे कार्यक्रम असतात. जागा बाराव्या रांगेत, उठता येत नाही, शटरचा आवाज केला की शेजारचे वळून बघतात. (एक वाचक, सांगली)

इथे सायलेंट शटरची खरी गरज आहे. नाट्यगृहातले हॅलोजन स्पॉट त्याला साथ देतात, कारण तापलेली तार एका क्षणात विझत नाही आणि पट्टे नाममात्र येतात. हल्ली मात्र अनेक नाट्यगृहांत हॅलोजन आणि एलईडी मिसळलेले असतात. निवेदन चालू असताना दोन फोटो काढून मोठे करून तपासा. पट्टे दिसले तर शटर १/१०० करा. बसून गाणाऱ्याला ते पुरते.

हॅलोजन साधारण ३२०० केल्विनचा, पण डिमरवर खाली आणला की आणखी केशरी होतो. व्हाइट बॅलन्स ३००० ते ३२०० वर कायम ठेवा. बाराव्या रांगेतून मंच साधारण पंधरा मीटर. फुल फ्रेमवर २०० मिमी लेन्सने आडव्या फ्रेमची उंची तिथे सुमारे १.८ मीटर भरते, म्हणजे उभा माणूस जेमतेम आणि बसलेला ऐसपैस. ७०-२०० एफ २.८ जड आहे, मोनोपॉड पायांमध्ये ठेवून त्यावर टेकवा. पांढरा झब्बा हा इथला खरा सापळा. स्पॉट मीटर (फ्रेममधला एकच ठिपका मोजणारा) झब्ब्यावर गेला तर चेहरा काळा पडतो. गव्हाळ चेहऱ्यावर मीटर शून्यावर ठेवा आणि झब्ब्याच्या घड्या दिसतात का ते हायलाइटच्या इशाऱ्याने बघा. आणि मागची स्क्रीन बंद ठेवा. अंधारात आवाजापेक्षा ती जास्त त्रास देते.

फक्त मोबाइल आहे. काही आशा? (एक वाचक, सातारा)

आहे. आधी लेन्स कापडाने पुसा, खिशातल्या बोटांच्या ठशांमुळे प्रत्येक दिव्याला शेपूट फुटते. १x चाच कॅमेरा वापरा. झूमचा कॅमेरा कमी उजेड घेतो, आणि अंधारात अनेक फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचाच तुकडा मोठा करून देतात. नाइट मोड बंद करा. तो सेकंद-दोन सेकंदांत अनेक फोटो घेऊन जोडतो, इमारतींना छान, नाचणाऱ्या माणसाला घातक. चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग उजेड एक स्टॉपभर खाली ओढा. प्रो मोड असेल तर १/१२५ आणि आयएसओ १६०० पासून सुरू करा, रॉ चालू ठेवा. दूरचा चेहरा काढायच्या फंदात पडू नका. मंच, झोत आणि वर उठलेले हात एकत्र येतील असा रुंद फोटो मोबाइल उत्तम काढतो.

महोत्सवात पहिल्यांदाच पास मिळाला आहे. “पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही” असे कळवले आहे. एवढ्यात काय होणार? (एक वाचक, मुंबई)

तीन गाणी म्हणजे बारा ते पंधरा मिनिटे. हा मोठ्या कार्यक्रमांचा सर्वत्र चालणारा नियम आहे आणि तो पाळायचाच. पहिल्या गाण्यात दिवे कसे फिरतात ते ओळखा, आकडे पक्के करा आणि गायकाचे दोन-तीन भरवशाचे फोटो मिळवा. दुसऱ्यात बाजू बदला आणि बाकीच्यांकडे वळा. बासवादक आणि कीबोर्डवाला नेहमी राहून जातात. तिसऱ्यात रुंद लेन्स लावून पूर्ण मंच. लेन्स बदलण्यात वेळ घालवू नका: दोन बॉडी असतील तर एकीवर २४-७०, दुसरीवर ७०-२००, दोन्ही एफ २.८. एकच असेल तर पिट (मंच आणि प्रेक्षक यांच्यामधली फोटोग्राफरची जागा) मंचाला चिकटून असेल तिथे २४-७०, दूर असेल तिथे ७०-२००. एक ६४ जीबीचे कार्ड २४ मेगापिक्सेलच्या सुमारे दोन हजार रॉ फाइलींना पुरते, तीन गाण्यांत ते भरले तर तुम्ही पाहायचे सोडून नुसते दाबत होतात.

उजव्या हाताने वाजवणाऱ्या गिटारवादकाच्या गिटारचा दांडा प्रेक्षकांच्या उजवीकडे येतो. डावीकडून काढलात तर वाजवणारा हात आणि चेहरा दोन्ही मोकळे मिळतात, उजवीकडून दांडा अंगावर येतो. तो फोटो जोरकस असतो, पण खुंट्या चेहऱ्यावर येत नाहीत ना हे पाहा.

वेळापत्रकही बघा. मोकळ्या जागेत रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाहीत, मोजक्या दिवशी मिळणारी सूट सोडली तर. म्हणून पुण्यात २०१० मध्ये सुरू झालेल्या एनएच७ वीकेंडरसारखे मैदानी महोत्सव दुपारीच सुरू होतात. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेपाच ते साडेसहामध्ये वाजवणाऱ्या बँडला मावळतीचा उजेड आणि मंचाचे दिवे दोन्ही मिळतात. नावाने लहान बँड असला तरी तो चुकवू नका.

लेझर, धूर आणि कर्कश स्पीकर, यांनी कॅमेऱ्याला किंवा मला काही होते का? (एक वाचक, पनवेल)

लेझरने होते. लेन्स त्या किरणाचा बारीक ठिपका करून सेन्सरवर टाकते आणि काही पिक्सेल कायमचे जळतात. मिररलेसमध्ये सेन्सर सतत उघडा असतो, त्यामुळे धोका जास्त. किरणे प्रेक्षकांकडे वळली की लेन्स खाली करा, दोन गाण्यांमध्ये झाकण लावा.

धुराने कॅमेऱ्याचे नुकसान होत नाही, फोटोचा कॉन्ट्रास्ट जातो. हुड लावा, पुढचा यूव्ही फिल्टर काढून ठेवा, कारण त्यावरून दिव्यांची हिरवी प्रतिबिंबे उमटतात. धूर नुकताच सोडलेला असताना थांबा. तो पातळ होऊन पसरला की झोतांचे खांब दिसू लागतात, तेव्हा काढा.

कानांचे मात्र मनावर घ्या. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या मर्यादेनुसार ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे, आणि स्पीकरच्या भिंतीसमोरच्या पिटमधला आवाज त्याहूनही मोठा असू शकतो. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग बोटांत वळून कानात खोलवर बसवा, फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. आणि एसी क्लबातून मुंबईच्या दमट रात्रीत बाहेर पडताना कॅमेरा बॅगेतच चेन लावून वीस मिनिटे राहू द्या, नाहीतर थंड काचेवर पाणी धरते.